न तापलेला चुना

कळीच्या चुन्यात पाणी घातल्यावर चंचुपात्र तापलं, म्हणून ही उष्मादायी अभिक्रिया, असं दहावीच्या एकतीस जर्नलांत लिहिलेलं होतं. देशमाने बाईंनी सगळीकडे बरोबरची खूण केली. बत्तिसावं जर्नल सुकन्या ठोंबरेचं. तिनं लिहिलं होतं, ‘तापमानात बदल झाला नाही.’

हिनं प्रयोग केलेलाच नाही, असा बाईंना संशय आला. त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं.

“खरं सांग, पाणी घातलं होतंस?”

“दोनदा घातलं, बाई. थर्मामीटर हललाच नाही.”

“मग बाकीच्यांचं कसं तापलं?”

“ते त्यांनाच विचारा, बाई,” सुकन्या खाली बघत म्हणाली. बाईंना ते आणखीच खटकलं. खोटं पकडायचंच म्हणून त्यांनी बरणीतला चमचाभर चुना चंचुपात्रात घेतला, पाणी ओतलं आणि काचेला हात लावला. काच गारच होती. बरणीचं झाकण सैल होतं आणि हवेतली ओल लागून चुना आतच विरून गेला होता; आता पाणी घालून तो तापणार नव्हता.

बाई सुकन्याला घेऊन तडक वर्गात गेल्या. “ज्यांचं चंचुपात्र खरंच तापलं होतं, त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. “बाई, पुस्तकात तसंच आहे,” पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं.

बाई रागावणार होत्या. पण प्रयोगाच्या तासाला त्या स्वतः स्टाफरूममध्ये बसल्या होत्या.

“मीही न बघताच खुणा केल्या,” त्या म्हणाल्या आणि सुकन्याकडे वळल्या. “तू काय पाहिलंस, ते सगळ्यांना सांग.”