आधी हात

“हात दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फर्निचरला पॉलिश करणारा तो कामगार चक्रावला. दुखणं भलतीकडे आणि या हात काय बघतायत! जे दाखवताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते तर मघाशीच पडद्याआड दाखवून झालं होतं. लिंगाच्या टोकाची कातडी लालबुंद, आग आग व्हायची. बरी झाली म्हणावं, तर पुन्हा उसळायची. मेडिकलवाल्याच्या झाडून सगळ्या ट्यूबा लावून झाल्या. वर जंतुनाशक साबणाने घासणं चालूच. दुखणं काही हटेना.

लाजेपायी त्याने बायकोला चकार शब्द सांगितला नव्हता. तिला लागण नको म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. ती विचारायची, तो कूस बदलायचा. आज तो निघाला तेव्हा ती बॅग भरत होती. “माहेरी जाते,” एवढंच म्हणाली.

त्याने हात पुढे केले. नखांत लाकडाचा रंग, बोटांना रंग पातळ करायच्या थिनरचा उग्र वास.

“लघवीला जाता तेव्हा हात कधी धुता?”

“नंतर. स्वच्छ धुतो हो! कारखान्यात सगळेच धुतात.”

“आणि आधी?”

“आधी कशाला धुवायचे?”

“रिपोर्टमध्ये रक्तातली साखर ठीक आहे, लागणही नाही,” बाई म्हणाल्या. “हातावरचं थिनर तिथे लागतंय. त्यात तुमचा तो साबण, म्हणजे आगीत तेल. आता आधी हात धुवायचे. तिथे साबण बंद, नुसतं कोमट पाणी. हे मलम लावा. उतार पडला नाही तर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासू. बायकोला यातून काही होत नाही.”

घरी बॅग दाराशी ठेवलेली होती. बायको चपला घालत होती.

“थांब गं,” तो म्हणाला, आणि जमिनीकडे बघत एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

ती तिथेच बॅगेशेजारी बसली. आधी डोळ्यांना पदर लावला, मग हसू फुटलं.

“रोज तुमचे शर्ट हुंगत होते मी, दुसरीचा वास लागतोय का बघायला,” ती म्हणाली. “मेल्या थिनरशिवाय कसला म्हणून वास यायचा नाही!”