बाविसावा मजला

“साहेब, एवढ्या काचा पुसणार कोण?”

सोनमने विचारलं आणि अख्खं सभागृह खो खो हसलं. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी ऋतुजा आणि आरोही एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांनीच लावली होती. “एवढ्या लोकांत विचारून दाखव, भेळ आमच्याकडून.” वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून नववीतल्या सोनमला माईक म्हणजे घरचा तांब्या वाटायचा. तिने तो उचलला, विचारलं, आणि भुवया उडवून तशीच उभी राहिली.

पडद्यावर नवा टॉवर होता. शहराच्या मधोमध, नुसती ऑफिसं, खालपासून वरपर्यंत काच. लोकांनी मतं सांगावीत म्हणून सभा बोलावलेली, आणि सोलापूरकरांनी ती सढळ हाताने सांगितली होती. शाळेतल्या वैजयंतीबाई म्हणाल्या, आपल्या उन्हात ह्या काचेत माणसं वाफवून निघतील. किराणावाले बसलिंगप्पा लगेच उठले, “निघू द्या की हो बाई. गच्चीवर आमचे पापड तरी वाळतील.” एक जण गाड्या कुठं लावायच्या म्हणून भांडला. दुसरा म्हणाला, आधी रोज पाणी द्या, मग टॉवर बांधा.

आणि सगळ्यांच्या शेवटी सोनमचे आप्पा उठले होते. मार्केट यार्डात हमाली करणारे धुळाप्पा. चारचौघांत कधी तोंड न उघडणारे. पटका सारखा करून म्हणाले, “हुं द्या टावर. माजं पोरगं पुण्याला बाविसाव्या मजल्यावर कामाला हाय. हितं असलं काय झालं तर त्ये घरी यील की.” एवढंच बोलून खाली बसले. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या. बापाचं ते धाडस बघूनच तर सोनमला माईक मागायचा जोर आला होता.

पोरगं म्हणजे अजिनाथ, सोनमचा दादा. सांगोल्याकडच्या माळावर सतरा वर्षांचा होईस्तोवर मेंढरांमागे फिरलेला. सगळे मेंढके उभे राहतात तसाच तोही काठीवर भार टाकून एका पायावर उभा राहायचा, दुसऱ्याचा तळवा गुडघ्याला लावून. फरक एवढाच, की मेंढरं विकून घर सोलापुरात शुक्रवार पेठेत आलं तरी त्याची सवय गेली नाही. दात घासताना तसाच. एसटी स्टँडवर तसाच. आई, मायाक्का, ओरडायची, “अज्या, बगळ्या, पाय खाली टेक की!”

आता तो बगळा पुण्यातून ऑफिसचे फोटो पाठवायचा. निळसर काच, काचेपलीकडे ओळीने टेबलं, गुबगुबीत खुर्च्या. आई गल्लीभर फोन नाचवायची. एका फोटोत काचेवर पाण्याचे ओघळ होते. “पुण्याला पाऊस लागलाय वाटतं,” आई म्हणाली होती. ते दिवस होळीचे होते.

“फार छान प्रश्न विचारलास, बाळ,” टॉवर बांधणाऱ्या कंपनीचे साहेब हसत म्हणाले. “आमच्या पुण्याच्या इमारतीत हे काम कसं चालतं, तेच दाखवतो.”

पडद्यावर संगीत सुरू झालं. इमारत दिसली. तोच निळसरपणा. सोनमला आनंदाची उकळीच फुटली. “आप्पा, ही तर दादाची बिल्डिंग!” आप्पा खुर्चीत पुढे सरकले. कॅमेरा मजल्यामागून मजला वर चढत गेला. सोनम टेबलांमागे दादाला शोधायला लागली. ह्या खुर्चीत नाही. त्या खुर्चीत नाही.

मग काचेच्या अलीकडे, दोरीवर, एक माणूस लटकलेला दिसला. डोक्याला शिरस्त्राण, कमरेला बादली, पाठ लोकांकडे. त्याने काच पुसली, दम खायला थांबला. दोरी काठीसारखी हाताशी धरली. आणि डावा पाय उचलून तळवा उजव्या गुडघ्याला लावला.

सोनमच्या हातातला माईक खाली आला.

“बघितलंत? काळजी करू नका,” साहेब म्हणाले. “आणि शब्द देतो, इथल्या काचा पुसायलासुद्धा आम्ही सोलापूरचीच मुलं घेऊ!”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आप्पांचे हात मांडीवरून उठले नाहीत.

“जिंकलीस की गं!” ऋतुजाने पाठीत धपाटा घातला. “चल, भेळ!”

“नको,” सोनम म्हणाली.

सभा संपल्यावर दोघं घराकडे निघाली. नेहमी आप्पांच्या पुढे पळणारी सोनम आज त्यांच्या मागून चालत होती. पटक्याचं टोक सुटून त्यांच्या पाठीवर लोंबत होतं. त्यांनी ते आवरलं नाही.

मायाक्का भाकरी थापत होती. “काय म्हनली लोकं? माज्या अज्याला हुईल का जागा तितं?”

आप्पा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “हुईल की. लई जागा हाय.”

“बघ! मी म्हनलं नव्हतं?” मायाक्काचा सगळा चेहरा फुलला. “खुर्ची तसलीच मिळंल न्हवं, गुबगुबीत?”

आप्पांनी रिकामा तांब्या परत तोंडाला लावला. सोनमने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

“आई, आप्पा, मी ठरवलंय. रविवारी मी पुण्याला जाणार. तुमी या न्हायतर नका येऊ. दादाच्या बिल्डिंगखाली रस्त्यावर उभी राहणार, आणि वर बघून वरडणार, अज्या, बगळ्या, पाय खाली टेक की.”