शेजारची किल्ली

दसरा झाला की मंजुषाचं बिऱ्हाड ऊसतोडीला निघायचं आणि घराची किल्ली शेजारच्या साखराबाईच्या हातात पडायची. यंदा मात्र साखराबाईच्या कुत्र्यानं, शेरूनं, मंजुषाची अंड्यांवर बसलेली कोंबडी मारली आणि दोघींचं बोलणं तुटलं. मंजुषा ट्रॅक्टरवरचं सामान दोरीनं आवळू लागली, तशा साखराबाईच्या आतबाहेर येरझाऱ्या वाढल्या. शेवटी तिनंच विचारलं, "मंजुषे, किल्ली?" "सोताचं कुत्रं राखता येईना, आमचं घर काय राखताल मावशी?" म्हणत मंजुषानं किल्ली कनवटीला खोचली. ट्रॅक्टर निघाला आणि दरवर्षीसारखा शेरू मागं धावला. वेशीजवळ ट्रॅक्टर थांबला. मंजुषा कोयता घेऊन उतरली. "मारू नगं गं!" ओरडत साखराबाई अनवाणीच पळाली. तोच शेरू शेपूट हलवत परत आला. त्याच्या गळ्यात कोयत्यानं कापलेला दोरीचा तुकडा होता आणि त्यात किल्ली ओवलेली.