तीन हिसके

सन २०१८, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. वैदेहीने दाराचं कुलूप दाबलं, मोठ्याने "लावलं" म्हणाली आणि मागे न बघता निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

त्याआधी सात वर्षं ती रोज गल्लीच्या वळणावरून परत यायची आणि कुलपाला तीन हिसके द्यायची. कधी तर गंगाखेडच्या स्टँडवरूनही परतायची. लहानपणी तिने माहेरचं घर फोडलेलं पाहिलं होतं. सताड उघडं दार, अंगणात पडलेल्या आईच्या साड्या. ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. नऊची गाडी चुकायची, परभणीच्या कॉलेजात पोचायला उशीर व्हायचा. प्राचार्यांनी आता शेवटची ताकीद दिली होती. नवरा गेलेला, मुलगी अर्पिता बारावीत. ही नोकरी गेली तर मायलेकींनी जायचं कुठे?

गाडी सुटली. गोदावरीचा पूल आला. कुलूप दाबताना खट् वाजलं होतं का? आठवेना. पोखर्णीच्या फाट्यावर ती उठलीच. उतरायचंय का, कंडक्टरने विचारलं. तिने समोरची दांडी घट्ट धरली, मान हलवली आणि पुन्हा बसली. त्या दिवशी फोन वाजला की ती आधी गल्लीतल्या कुणाचा नंबर तर नाही ना, ते बघायची.

संध्याकाळी ती स्टँडवरून जवळजवळ पळतच आली. कुलूप जागेवर होतं. बंद. शेजारच्या मनकर्णामावशी आपल्या पायरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांना दिसायचं कमी, पण गल्लीतलं पाऊल न् पाऊल कानाने ओळखायच्या.

"पळत कामून आलीस गं? घर काय पळून जायलंय का?"

वैदेही आधी हसली, मग तिथेच पदराने डोळे पुसत बसली. दुसऱ्या दिवशीही ती वळली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माघ लागेपर्यंत तिला शांत झोप यायला लागली.

डॉक्टर पुढे बदलून गेले. अर्पिता नर्स होऊन नांदेडला लागली. वैदेहीची नोकरी टिकली, आणि कुलपाची फिकीर कायमची सुटली म्हणून ती चारचौघींना सांगू लागली. मनकर्णामावशी २०२३च्या उन्हाळ्यात गेल्या.

त्यांच्या तेराव्याला मुलगा भागवत वैदेहीजवळ येऊन बसला.

"ताई, आईनं जिती असेपर्यंत सांगू दिलं न्हाई. त्या पहिल्या सोमवारी तुमी मोठ्यानं 'लावलं' म्हनलात, पण खट् वाजलंच नव्हतं. कुलूप नुसतं लटकलेलं. आई भिंत धरून गेली अन् दाबून आली."

वैदेहीने हातातलं ताट खाली ठेवलं. "आणि मग?"

"मग काय. तवापासून रोज. तुमी वळणावर गेलात की आई जायची, अन् कुलपाला तीन हिसके द्यायची."