गुहेतल्या अस्वलाचं बक्षीस

बर्फाळ डोंगरातल्या त्या साहसपटाला नऊ नामांकनं होती. आठ पाकिटं फुटली, आठांतून दुसऱ्यांचीच नावं निघाली आणि दिग्दर्शकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. नववं बक्षीस मात्र ध्वनिसंयोजक बाईंनी मारलं, तेही गुहेतल्या अस्वलाच्या गुरगुरण्यासाठी. त्या आवाजानं थिएटरात भल्याभल्यांची पाचावर धारण बसली होती.

बाई मंचावर गेल्या आणि माइक हाती येताच लग्नापासूनचा हिशेब त्यांनी एका दमात चुकता केला. "या अस्वलासाठी मी कुठल्याही जंगलात गेले नाही. हे आमच्या ह्यांचं घोरणं आहे! 'मी घोरतच नाही' म्हणतात, म्हणून पुरावा रेकॉर्ड करून ठेवला होता."

सभागृह हसून हसून आडवं झालं. बाई ताठ मानेनं खाली आल्या आणि ट्रॉफी नवऱ्याच्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "घ्या! आता तरी कबूल करा. सगळ्या जगानं ऐकलंय."

"कधीचं गं हे रेकॉर्डिंग?"

"मला ती भयंकर सर्दी झाली होती ना, त्या रात्रीचं. उशाशी रेकॉर्डर चालू करून ठेवला आणि गोळी घेऊन मेल्यासारखी झोपले."

नवऱ्यानं ट्रॉफी रुमालानं नीट पुसली आणि अलगद बायकोच्या मांडीवर ठेवली.



"अगं, त्या रात्री मी उशी घेऊन बाहेर सोफ्यावर गेलो होतो. आत अस्वल होतं."