पाहुणीचं झाड

मोहफुलं वेचता वेचता जुरीआजी पाहुणीच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. ही बाई परदेशातल्या मानवाधिकार संस्थेतून आदिवासींच्या तक्रारी ऐकायला आली होती. गावातला चिन्ना दुभाष्या होऊन सगळं लिहून घेत होता.

“हे झाड माझं. पलीकडचं नणंदेचं. कागद कशाला? अख्ख्या गावाला ठाऊक आहे! आता खाणवाले तोडायचं म्हणतात.” बोलता बोलता आजीनं वर पाहिलं. “आणि बाई, तुझं झाड कुठलं गं?”

चिन्नानं प्रश्न समजावला. बाई हसली, मग गोंधळली, बराच वेळ आठवत राहिली. शेवटी तिनं नाही म्हणून मान हलवली.

एवढी शिकलेली बाई, आणि एकही झाड नाही? आजीनं टोपली खाली ठेवली आणि चिन्नाला दटावलं, “माझं राहू दे. हिचं झाड कुणी घेतलं, ते आधी लिही.”