जाळीचं रजिस्टर

पत्रा कापायच्या मशीनला जाळी लावली की काम मंदावतं, म्हणून मालकांनी ती काढून कोपऱ्यात उभी केली होती. कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला एक रजिस्टर होतं. 'आज जाळी तपासली, जागेवर आहे,' आणि पुढे कामगाराची सही. रोज रोज कोण वेळ घालवणार, म्हणून मॅनेजर एक तारखेलाच सगळ्या महिन्याच्या सह्या एका बैठकीत उरकून घ्यायचा.

नऊ तारखेला सकाळी माझा उजवा हात मनगटापासून गेला. मालकांनी कानांवर हात ठेवले. त्यांना दोन आहेत.

चौकशीच्या दिवशी कामगार अधिकारी बाईंसमोर मालकांनी ते रजिस्टर उघडून आपटलं.

"जाळी होती, मॅडम. यानंच काढली असेल, आणि आता आमच्या नावानं खडे फोडतोय. बघा, सही याचीच आहे."

"माझीच आहे," मी म्हणालो.

मालकांना चेव आला. "त्या महिन्याची एक ते एकतीस तारीख बघा. एक दिवस कोरा सापडला तर माझं नाव बदला."

शेजारच्या वकिलानं त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

बाईंनी नऊ तारखेवर बोट ठेवलं, ते सावकाश एकतीसपर्यंत खाली नेलं आणि माझ्या थोट्या मनगटाकडे बघत मालकांना विचारलं,



"दहा तारखेपासून हे कुठल्या हातानं सही करत होते?"